नेलाचा खोकला

नेला बोगर्ट समुद्रातून वर आली, की बांधावर घडीची खुर्ची टाकून बसलेला तिचा नवरा क्राइन शब्दकोड्यातून मान वर करून विचारी, "कसं होतं?"

"बरं होतं," नेला म्हणे.

संभाषण संपलं. मग क्राइन थर्मासमधली कॉफी ओतून देई, ती संपेपर्यंत दोघं समोरच्या राखाडी पाण्याकडे बघत बसत आणि घरी जात. पन्नाशी उलटल्यावर नेलाने डायव्हिंग शिकायला घेतलं, तेव्हापासून हे असंच चालत आलं होतं. क्राइन स्वतः कधी पाण्यात उतरला नाही. आयुष्यभर त्याने कांद्याची शेती केली होती, आणि पायाखाली चिखल असलाच तर तो नांगरलेला असावा असं त्याचं मत होतं. तळाशी जाऊन बायको काय बघते हे त्याला नीटसं कधी कळलं नाही. त्याचा प्रश्न दोन शब्दांचा आणि तिचं उत्तरही दोनच शब्दांचं.

नेला मुळातच कमी बोलणारी. सगळी नोकरी तिने बस चालवण्यात घालवली होती. 'चालकाशी बोलू नये' ही बसमधली पाटी प्रवाशांपेक्षा तिनेच जास्त मनावर घेतली, असं तिच्या डायव्हिंग क्लबातले लोक तिच्या तोंडावर म्हणत. त्यावरही ती नुसती हसे.

पण वसंत आला की तिच्या हालचालींत एक घाई येई. एप्रिलमध्ये क्लबातली मंडळी विलो झाडाच्या लांब काटक्या तोडून आणत, त्या खाली नेऊन तळाच्या वाळूत गोल रोवत, वरची टोकं एकत्र बांधत, आणि अशा खोपी तयार करत. मे महिन्यात खोल समुद्रातून माकुल्या, म्हणजे रंग बदलणारे, दहा हातांचे मऊ जीव, ओस्टरस्खेल्डेच्या खाडीत येत आणि त्या काटक्यांना आपली अंडी बांधत. काळ्या द्राक्षांचे घड लटकावेत तशी. अंडी घालून झाली की माकुली मरते. तिचं आयुष्यच तेवढं. त्यामुळे दर वर्षी येणारी प्रत्येक माकुली पहिल्यांदाच आलेली असे, आणि तिला खोप दाखवणारं कुणी नसे.

ज्याची खोप त्याला तिचा अभिमान. गेल्या वर्षी सगळ्यात आधी अंडी लागली ती मरीनुसच्या खोपीला. मरीनुस हा क्लबाचा प्रमुख. पूर्वी फेरीबोटीवर होता, त्यामुळे आवाज असा, की बांधाच्या या टोकाला तो कुजबुजला तर त्या टोकाला ऐकू जाई. 'मालकाची खोप, मालकाची अंडी,' हे त्याने वर्षभर इतक्या वेळा ऐकवलं होतं, की नेलाने या वर्षी काटक्या स्वतः निवडल्या. बोटाएवढ्या जाड, लवचीक, सालीसकट. जागाही निवडून ठेवली, एका मोठ्या दगडाच्या आडोशाला.

मेच्या पहिल्या आठवड्यात भरती-ओहोटीच्या मधे पाणी थांबलं, तेव्हा नेला आणि तिची जोडीदार दिनेके खाली उतरल्या. पाणी थंड होतं आणि हिरवं होतं. नेलाची खोप जशीच्या तशी उभी होती. आणि तिच्यापासून दोन हातांवर, वाळूच्याच रंगाची होऊन, एक माकुली तरंगत होती.

नेला हळूच उलटी झाली. खोपीच्या आत डोकवायचं तर डोकं खाली, पाय वर, असं टांगून घ्यावं लागे. माकुलीच्या अंगावरून पट्टे धावत गेले. वाऱ्याने गव्हाच्या शेतात लाट जावी तसे. ती एक काटकी आपल्या आखूड हातांनी चाचपून बघत होती. नेलाचं मन भरून आलं. मनातल्या मनात ती म्हणाली, ये गं बाई, ये. बघून घे. काटकी धर, घट्ट आहे. मी बांधलीय. त्या पलीकडच्या खोपीकडे जाऊ नकोस, तो माणूस फार मोठ्याने बोलतो.

माकुलीने काटकी सोडली, पुन्हा धरली आणि निघून गेली. अजून बघून जायचेच दिवस होते.

वर आल्यावर क्राइनने विचारलं, "कसं होतं?" नेलाने तोंड उघडलं, आणि 'बरं' या शब्दाच्या जागी खोकला बाहेर आला. एक नाही, ओळीने दहा-बारा. घशात कुणी खवणी फिरवावी तसं झालं. छातीच्या मधोमध आग होत होती.

"ठसका लागला," ती म्हणाली.

घरी जाऊन ती दोन पांघरुणं घेऊन पडून राहिली. सकाळी उठली तर काहीच नाही. पण पुढच्या वेळी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या वेळीही तेच. खोकला लपवण्यासाठी ती वर आली की आधी गाडीच्या मागे जाऊ लागली. तोंडात ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या ठेवू लागली. तिला कारण ठाऊक होतं असं नाही. पण लपवायचं का, ते पक्कं ठाऊक होतं. क्लबाचा नियम साधा होता: पाण्यातून वर आल्यावर जो खोकतो, तो डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत बांधावर. आणि नेला अडुसष्ट वर्षांची होती. या वयात एकदा बांधावर बसवलेला माणूस पुन्हा पाण्यात गेल्याचं तिने फारसं पाहिलं नव्हतं. आधी म्हणतात महिनाभर, मग हिवाळा येतो, मग कुणीतरी प्रेमाने विचारतं, 'सूट विकणार आहेस का?'

शेवटी मरीनुसनेच तिला पकडलं. गाडीच्या मागे तो आपला सूट काढायला आला, आणि तिथे नेला बंपरला धरून वाकून खोकत होती.

"हे कधीपासून?" मरीनुसने विचारलं.

"आत्ताच."

"नेला."

"दोन-तीन वेळा झालं असेल."

"दोन का तीन?"

"प्रत्येक वेळी," नेला म्हणाली. खोटं बोलायला जास्त शब्द लागतात.

मरीनुसने टोपी काढली, डोकं खाजवलं, आणि त्याच्या परीने हळू आवाजात म्हणाला, "बांधावर, नेला. मला वाईट वाटतं. पण बांधावर."

हे सगळ्या बांधाने ऐकलं. आणि मग प्रत्येकाला कारण सुचू लागलं. क्लबाच्या लोकांना मासे जितके आवडतात तितकीच दुसऱ्याची दुखणी आवडतात, हे त्या दुपारी दिसून आलं.

"हवा!" एक जण म्हणाला. "सिलिंडरमधे तेलाचा धूर गेला असेल."

"क्लबाच्या त्याच मशीनवर भरलेली हवा मी ओढली," दुसरा म्हणाला. "मी खोकतोय का? बघ."

"तुला वास तरी कुठे येतो? तुझ्या बायकोने परवा सूप जाळलं, तू दोन वाट्या खाल्ल्यास."

"थंडी आहे, दुसरं काही नाही," दिनेके म्हणाली. ती नेलाचा हात धरून उभी होती. "सिलिंडरची हवा कोरडी ठाक असते, त्यात हे पाणी. माझाही घसा सुकतो. नेला, रेग्युलेटर कशाने धुतेस गं? व्हिनेगर तर वापरत नाहीस?"

मरीनुसने तिथेच गाडीच्या मागच्या फळीवर सिलिंडरची हवा तोंडापर्यंत आणणारा नेलाचा रेग्युलेटर उघडला. तोंडात धरायचं रबर तपासलं, हवा बाहेर सोडणारी पातळ चकती प्रकाशात धरून बघितली. कुठे चीर नव्हती, बुरशी नव्हती, वाळूचा कणही नव्हता. "माझ्या रेग्युलेटरपेक्षा स्वच्छ आहे," तो म्हणाला, आणि हे मान्य करावं लागलं याचं त्याला थोडं वाईटही वाटलं.

क्राइन मात्र घरी गेल्यावर थेट मागच्या शेडमध्ये गेला. नेलाचं सामान तिथेच एका खुंटीवर वाळत असे, आणि त्याच खोलीत त्याच्या कांद्यांच्या वेण्या टांगलेल्या होत्या. संध्याकाळी नेलाने खिडकीतून पाहिलं, तर क्राइन एकेक वेणी खांद्यावर टाकून गॅरेजकडे नेत होता.

"काय करतोयस?" तिने दारातून विचारलं.

"सालींची धूळ उडते," क्राइन म्हणाला. "तुझ्या त्या नळीत जात असेल. मला आधीच सुचायला हवं होतं."

"कांद्याने नाही झालं, क्राइन."

"तुला काय माहीत?" तो म्हणाला. "तुला माहीत असतं तर तू गाडीमागे जाऊन खोकली असतीस का?"

नेलाने उरलेल्या दोन वेण्या उचलल्या आणि त्याच्या मागून गेली.

डॉक्टर विस्से स्वतः डायव्हिंग करणाऱ्या बाई होत्या. त्यांच्या खोलीत भिंतीवर शेवंडीचा मोठा फोटो होता. त्यांनी नेलाला खुर्चीत बसवलं आणि प्रश्नांची सरबत्ती लावली.

"पाण्याखाली असताना धाप लागते, बोगर्टबाई?"

"नाही."

"पायऱ्या चढताना?"

"नाही."

"खोकल्याबरोबर फेस येतो? गुलाबी, रक्ताची छटा असलेला?"

"नाही. कोरडा येतो. छातीत जळजळ होते. झोपलं की सकाळी गेलेला असतो."

"हे मी मुद्दाम विचारलं," डॉक्टर म्हणाल्या. "थंड पाणी, घट्ट सूट, आणि तुमचं-आमचं वाढतं वय, यात कधी कधी फुप्फुसात पाणी साठतं. त्याचा संबंध हृदयाशी असतो. ते आधी बघू. ते नसलं तर बाकीचं सगळं सावकाश शोधता येईल."

तपासण्या झाल्या. छातीवर थंडगार जेली लावून हृदय पडद्यावर पाहिलं. नळीत जोरजोरात फुंकायला लावलं. डॉक्टरांनी कागद पुन्हा पुन्हा पाहिले आणि शेवटी हसल्या. "हृदय उत्तम. फुप्फुसं बस चालवणाऱ्या बाईची नाहीत, बस ढकलणाऱ्या बाईची आहेत."

नेलाचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे मी पाण्यात जाऊ?"

"नाही. खोकला कशाने येतो ते कळलेलं नाही ना अजून."

"मग कशाने येत असेल?"

"कितीतरी गोष्टी आहेत. थंडीने श्वासनळ्या आवळत असतील. हवा खराब असेल. रेग्युलेटर धुताना साबण राहत असेल. तुम्ही उलट्या लटकता म्हणे, तेव्हा पोटातलं आंबट वर येत असेल. नाहीतर समुद्राचं पाणी बारीक तुषार होऊन हवेबरोबर आत जात असेल. ते फार चुरचुरतं. घरात कुठेतरी गळतंय आणि कुठे ते दिसत नाही, तेव्हा आपण काय करतो? एकेक नळ बंद करून बघतो. तसंच करायचं. आधी तलावात जाऊन बघा. हेच सामान, हीच हवा."

"माकुल्या जूनच्या शेवटी जातात," नेला म्हणाली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "म्हणूनच या बुधवारीच जा."

बुधवारी क्लबाची मंडळी गावच्या तरण तलावात सराव करत. नेला आपलाच रेग्युलेटर आणि क्लबाच्याच मशीनवर भरलेलं सिलिंडर घेऊन तळाशी जाऊन बसली. दिनेके समोर बसली. बघण्यासारखं खाली फारसं नव्हतं: निळ्या फरशा, केसांचा एक रबर, कुणाच्यातरी टाचेवरून निघालेली पट्टी. नेलाने दिनेकेच्या सांगण्यावरून डोकं खाली करूनही पाहिलं. तशीच ती बराच वेळ बसली, कंटाळली आणि वर आली.

काठावर क्राइन टॉवेल घेऊन उभा होता. त्याने प्रश्न विचारला नाही. नुसता कान पुढे केला. नेलाने लांब श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला.

"काही नाही," ती म्हणाली.

"हवा नाही, साबण नाही, उलटं लटकणं नाही!" मरीनुस गरजला, आणि तलावातल्या पोहायला शिकणाऱ्या बायका दचकून काठाला चिकटल्या. "आणि कांदेही नाहीत, क्राइन!"

"मी नेलेत ते गॅरेजमधे," क्राइन म्हणाला. "आता राहू देत तिथेच."

पण म्हणजे राहिला तो समुद्रच. थंडी तरी, नाहीतर खारं पाणी तरी. थंडी असेल तर तिला काही इलाज नव्हता. ओस्टरस्खेल्डे काही कुणासाठी गरम होणार नव्हता. त्या रात्री नेलाला पहिल्यांदाच असं वाटलं, की सूट विकायची वेळ आली असावी. दुसऱ्या दिवशी क्राइनने पाहिलं, तिने सूट खुंटीवरून काढून घडी घालून ठेवला होता. त्याने तो उचलून परत खुंटीला लावला.

शुक्रवारी संध्याकाळी क्लबाच्या खोलीत दिनेकेची फिल्म होती. दर वर्षी मेच्या मध्यात हा कार्यक्रम असे. दिनेके पाण्याखाली छोट्या कॅमेऱ्याने चित्रं घेई, तिचा भाचा त्याला संगीत जोडून देई, आणि मग सगळे मिळून बोलुस खात ते बघत. बोलुस म्हणजे दालचिनी आणि साखरेच्या पाकात लडबडलेले गोल पाव. बोटं इतकी चिकट होत, की टाळ्या वाजवणं अवघड जाई. डॉक्टर विस्सेही आल्या होत्या. नेलाला यायचं नव्हतं. पण "बोलुस आहेत," असं क्राइन म्हणाला, आणि ती आली.

"यंदा संगीत नाही," दिनेकेने उठून जाहीर केलं. "भाचा प्रेमात पडलाय, त्याला वेळ नाही. नुसते बुडबुडे ऐकू येतील. आवाज बंद करू?"

"राहू दे," मरीनुस म्हणाला. "बुडबुडे तर बुडबुडे. मालकाची खोप दाखव आधी!"

पडद्यावर हिरवं पाणी आलं. श्वासाचा सूं-सूं आवाज, मग बुडबुड्यांची खळखळ. मरीनुसची खोप आली, त्याने स्वतःसाठी टाळ्या वाजवल्या. मग मोठा दगड आला, आणि त्याच्या आडोशाला नेलाची खोप. खोपीशेजारी उलटी लटकलेली नेला आणि तिच्यासमोर माकुली. बांधावर बसवण्याच्या आधीची ही तिची शेवटची फेरी होती. नेलाने बोलुस बशीत ठेवला.

इतक्यात तो आवाज आला.

"म्म्मऊं... म्मू-म्मू... ऊंऽम्म."

"सील आहे!" कुणीतरी ओरडलं.

"सील कसला, वरून बोट गेली असेल," मरीनुस म्हणाला. "जुनं इंजिन असंच रडतं."

"बोट अशी वर-खाली करते का? ऐक ना. गाणं म्हणतेय जशी."

"मला खाली काही ऐकू आलं नव्हतं," दिनेके म्हणाली. "माझी टोपी दोन थरांची आहे."

क्राइन मागे कॉफीच्या भांड्याशी उभा होता. तो हातात कप घेऊन पुढे आला, पडद्याच्या अगदी जवळ गेला, आणि मान तिरकी करून ऐकत राहिला.

"नेला आहे ती," तो म्हणाला.

सगळे हसले. नेलाचं नाव आणि आवाज, या दोन गोष्टी एका वाक्यात बसत नव्हत्या.

"हसू नका. मला ठाऊक आहे तो सूर. आमची लेक पाळण्यात होती, तेव्हा नेला तिच्याशी अशीच बोलायची. खोलीत कुणी नाही बघून. मी जिन्यात उभा राहून ऐकायचो." तो वळला. "नेला, तू बोलतेस त्यांच्याशी?"

नेलाचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. "मनात," ती म्हणाली. "मी मनात बोलते."

"म्मू-म्मू," पडदा म्हणाला.

आता मात्र खोलीत जो हशा उठला, त्याने खिडक्यांच्या काचा हलल्या. नेला आधी उठून जाणार होती. पण पडद्यावरची ती उलटी बाई इतक्या मन लावून माकुलीला काहीतरी समजावत होती, आणि माकुलीही इतकी विचारात पडल्यासारखी दिसत होती, की तिला स्वतःलाच हसू फुटलं.

"थांबवा!" डॉक्टर विस्से उठून उभ्या राहिल्या. त्यांच्या दोन्ही हातांची बोटं पाकाने चिकटलेली होती, ती त्यांनी वर धरली. "दिनेके, थोडं मागे घ्या. हं. आता हळू सोडा. सगळ्यांनी तिच्या ओठांकडे बघा."

पडद्यावर नेला बोलली. ओठांच्या कोपऱ्यातून बारीक बुडबुड्यांची एक माळ सुटली.

"ओठ रबरावरून सुटले," डॉक्टर म्हणाल्या. "हवा बाहेर गेली, तिच्या जागी थेंबभर समुद्र आत. आता बघा, श्वास घेतला. त्या ओढीने तो थेंब फुटला, त्याचे तुषार झाले आणि गेले थेट फुप्फुसात. पुन्हा बोलली. पुन्हा थेंब. बोगर्टबाई, किती वेळ बोलत होतात?"

नेलाने बशीतला बोलुस पुन्हा उचलला.

"सगळा वेळ," दिनेकेने पडद्याकडे बघत सांगितलं. "ही फिल्म सगळी अशीच आहे. मला वाटलं कॅमेरा बिघडला."

"दर वर्षी माकुल्या येतात," डॉक्टर म्हणाल्या. "खोकला याच वर्षी का?"

याचं उत्तर देणं नेलाला फार जड गेलं. "यंदा काटक्या मी निवडल्या," ती शेवटी म्हणाली. "त्यांनी माझ्याच खोपीत यावं असं वाटत होतं. समजवावं लागत होतं."

"माझ्या खोपीबद्दल काय सांगत होतीस?" मरीनुसने संशयाने विचारलं.

"काही नाही," नेला म्हणाली.

"आणि तलावात?" क्राइनने डॉक्टरांना विचारलं. "तिथे कसं काही झालं नाही?"

"तिथे कुणाशी बोलणार? केसांच्या रबराशी?"

डॉक्टरांनी मग हात धुतले आणि निर्णय दिला. पुढच्या आठवड्यात त्या स्वतः नेलाबरोबर उतरतील. नेलाने तोंडाला कुलूप लावायचं. खोकला आला नाही तर ती मोकळी. आला, तर दोष बोलण्याचा नाही, थंडीचा. मग यंदाचा मोसम तिने विसरायचा आणि पुढचंही नंतरच बोलायचं. "आणि खाली असताना धाप लागली तर लगेच वर," त्यांनी बजावलं. "तिथे माकुली-बिकुली काही नाही."

घरी जाताना गाडीच्या बाजूने बटाट्याची हिरवी शेतं मागे जात होती.

"काय सांगतेस त्यांना?" क्राइनने विचारलं.

"काही नाही. असंच."

"असंच म्हणजे?"

"ये म्हणते. बघून घे म्हणते. काटकी घट्ट आहे म्हणते."

क्राइनने गिअर बदलला. "मला कधी सांगितलं नाहीस."

"तुला माकुल्यांचं काय?"

"मी बसतो ना बांधावर," क्राइन म्हणाला. "कॉफी आणतो. मलाही कुणीतरी सांगावं, की खाली काय चाललंय."

नेलाने त्याच्याकडे पाहिलं. तो रस्त्याकडे बघत होता.

ठरलेल्या दिवशी पाणी दुपारी थांबलं. ऊन होतं. बांधावर क्लबातली सगळी मंडळी जमली होती. कुणाला तिथे काही काम होतं असं नाही. मरीनुस कपड्यांत कोरडा उभा होता, पण केस ओले होते, आणि तोंडावर भलतंच निष्पाप हसू होतं.

नेला आणि डॉक्टर विस्से उतरल्या. खाली जाता जाता नेलाने ओठ रबरावर इतके घट्ट दाबले, की जबडा दुखायला लागला. दगड आला. खोप आली. आणि खोपीच्या शेंड्याला, काळ्या दोरीने बांधलेली, एक पाटी डुलत होती. पांढऱ्या प्लास्टिकवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'माकुल्यांशी बोलू नये.'

हसू येणं हे बोलण्याहून वाईट होतं. ते नेलाच्या पोटातून उसळून गळ्यापर्यंत आलं. डॉक्टरांनी झटकन आपलं बोट ओठांसमोर धरलं. पण त्यांचेच खांदे हलत होते आणि बुडबुडे सुटत होते. नेलाने डोळे मिटले. श्वास घेतला, सोडला. बस वळणावर आणताना घेई तसा, संथ. हसू खाली बसलं.

डोळे उघडले तर समोर माकुली होती. त्या पहिल्या दिवसाचीच की दुसरी, कोण जाणे. ती पाटीच्या खालून आली, एक काटकी धरली, हातांनी तिच्याभोवती काहीतरी गुंडाळलं आणि मागे सरली. काटकीवर एक काळं द्राक्ष राहिलं. मग दुसरं. तिच्या मागे एक नर अंगावर झेब्र्यासारखे पट्टे उमटवून पहारा देत होता आणि दुसरा एक चोरून जवळ यायला बघत होता. नेलाची जीभ उचलली गेली. सांगायचं होतं, कितीतरी सांगायचं होतं: शाबास गं, इथेच, त्या वरच्या फांदीला लाव, वारा... वारा कुठला इथे, प्रवाह कमी लागेल, आणि त्या लबाडाकडे लक्ष देऊ नकोस. तिने जीभ दातांमागे धरून ठेवली. शब्द साठत गेले. तिसरं द्राक्ष. चौथं. शब्द साठतच गेले.

पाणी पुन्हा वाहू लागलं तेव्हा त्या वर आल्या. डॉक्टरांनी मास्क काढला. मरीनुसने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. कुणी पायही हलवला नाही. नेला पायऱ्या चढून बांधावर आली, सिलिंडर उतरवलं, उभी राहिली, आणि छाती भरून श्वास घेतला.

काही नाही. नुसता श्वास.

क्राइन खुर्चीतून उठला. शब्दकोडं गवतात पडलं. त्याचा प्रश्न कधी नव्हे तो अर्धवट आला. "कसं...?"

"अंडी घातली!" नेला म्हणाली. "माझ्या काटकीवर, क्राइन, त्या वाकड्या काटकीवर, तू म्हणालास ना टाकून दे, तीच! आधी येऊन बघितलं, मग हातांनी असं धरलं, असं, हात दे इकडे, असं गुंडाळलं आणि मागे झाली, आणि बघते तर द्राक्ष! आणि एक नर होता, हा असा फुगून उभा, पट्टेच पट्टे, आणि मागून दुसरा येतोय चोरासारखा, अंग बायकी करून, खरंच सांगते, पट्टे लपवून, आणि या शहाण्याला पत्ताच नाही! आणि मरीनुस, तुझी पाटी! मी मेले असते हसून! डॉक्टरांना विचार. आणि क्राइन, तिचे डोळे, ते कसे असतात माहीतेय का तुला..."

"नाही," क्राइन म्हणाला. "कसे असतात?"

नेला सांगत राहिली. ओल्या सुटातच, एका पायात बूट, एक पाय मोकळा. क्राइनने कॉफी ओतली आणि ती द्यायची विसरून हातातच धरून ठेवली. मरीनुसने मधे तोंड घातलं, "म्हणजे खोकला..."

"थांब रे," क्राइन त्याच्यावर खेकसला. "ती बोलतेय."

इतक्यात नेला खोकली.

एकदाच, पण बांधावरचे सगळे जागच्या जागी गोठले. डॉक्टर विस्सेंनी सुटाची चेन अर्ध्यावर सोडली.

नेलाने सगळ्यांचे चेहरे पाहिले, क्राइनच्या हातातला कप काढून घेतला आणि एक मोठा घोट घेतला.

"घसा सुकला बोलून बोलून," ती म्हणाली. "सवय नाही. तर तिचे डोळे..."